अँब्रोज लिडलची बढती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गॉस्पोर्टमध्ये बेरिल प्रिव्हेटला न घाबरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. नौदलात उभी हयात काढलेले, पाणबुडीतून अर्धी दुनिया पालथी घालून आलेले पुरुषसुद्धा नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला छातीवर पदकं लावून निघाले की तिच्या समोरून जायचं टाळत. कारण ती बघायची. बोलायची नंतर, आधी नुसती बघायची, आणि तेवढ्यानेच माणूस आपला टाय चाचपायला लागायचा.

"जॉर्ज, ही पदकं तुझी की वडलांची?"

"वडलांची, बेरिल."

"मग उजवीकडे लाव. डावी बाजू स्वतः कमावणाऱ्याची असते. म्हातारा वरून बघत असेल तर म्हणेल, कार्ट्याने हेही ढापलं."

आणि सत्तरीचा जॉर्ज भर फुटपाथवर उभा राहून पदकं काढायचा आणि उजवीकडे लावायचा.

मी मिरजेत एक्स-रेचं काम शिकले, लग्न होऊन इथे आले आणि नौदलाच्या हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे फोटो काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरी बसून नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा बरं म्हणून गावातल्या छोट्या म्युझियममध्ये चहाच्या खिडकीवर बसायला लागले. तिथल्या जुन्या वर्द्या सांभाळणाऱ्या बेरिलने पहिल्याच आठवड्यात मला तिथून उचललं. "तुला सावल्या वाचायची सवय आहे ना? मग इकडे ये. चहा कोणीही ओतेल."

ती मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. एका वर्षी नाताळच्या नाटकासाठी कोणीतरी नौदलाच्या जुन्या कोटांचं खोकं दिलं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी हिला सांगितलं, बाह्या कापून मुलींच्या मापाच्या कर. हिने पहिला कोट उलटा केला, आतले हाताने घातलेले, शेदोनशे वर्षांपूर्वीचे टाके पाहिले आणि खोकं बंद केलं. त्या वर्षी मुलींनी पडद्याच्या कापडाचे कोट घालून नाटक केलं. आणि बेरिल जी त्या टाक्यांच्या मागे लागली, ती लागलीच. सुट्ट्या दफ्तरखान्यात, शनिवार लिलावघरात, रविवारी चर्चच्या भिंतीवरचे दगड वाचत. नवरा होता तोवर बिचारा मागून सँडविचचा डबा घेऊन फिरायचा. पुढे पुढे देशभरातून तिला फोन यायला लागले. नाटकवाले, सिनेमावाले, मोठमोठ्या म्युझियमांचे लोक. तिने होकार दिला की कोट खरा, नाही म्हटलं की गेला अडगळीत.

ती कोट कसा वाचते हे मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला अजून आठवतो. एका जहाजावरच्या तोफवाल्याचा निळा कोट होता, रंग उडालेला, कसरीने खाल्लेला. तिने सुती हातमोजे चढवले, कोट टेबलावर पालथा ठेवला आणि कॉलरच्या मागचा एक तेलकट डाग मला दाखवला.

"हा वेणीचा डाग. तेव्हाचे खलाशी वेणी घालायचे, तेल चोपडून. आता सांग, डाग कुठे आहे?"

"मागे."

"अगं, मागे कुठे? मधोमध आहे का?"

नव्हता. डाग उजवीकडे सरकलेला होता.

"म्हणजे मान कायम डावीकडे वळलेली," ती म्हणाली. "उजवा कान पुढे करून ऐकायचा. डावा कान तोफांनी घालवलेला. इतका बहिरा, की कापडावर डाग पडेस्तोवर मान वाकडीच राहिली."

मी आयुष्यभर माणसांच्या आत डोकावले होते, पण समोर माणूस असायचा. इथे दोनशे वर्षांपूर्वी मातीत गेलेला कोणीतरी टेबलावर मान वळवून ऐकत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, मी तिच्याकडे जरा घाबरूनच पाहिलं.

तिचा नियम एकच. माणसाने प्रत्यक्ष अंगावर घातलं तेच खरं, आणि जो हुद्दा मिळाल्याचा पुरावा नाही तो पाटीवर लिहायचा नाही. पणजोबा ॲडमिरल होते म्हणून नाचत आलेली घराणी तिच्या टेबलावरून जहाजाच्या कोठारावरचा कारकून घेऊन परत जायची. लोक रडले, चिडले, एकाने तर वकिलाची धमकी दिली. ही ढिम्म. "मी काय करू? तुमच्या पणजोबांनी घातला तो कोट मी शिवला नव्हता."

असंच तिने मिस लिडलला दुखावलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी.

रोझमंड लिडल म्हणजे आमच्या चर्चजवळ राहणारी, लग्न न केलेली, ब्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ बाई. तिच्या बैठकीत शेकोटीच्या वर एक चित्र असायचं. गोल गालांचं, ओठांवर नुसती लव असलेलं पोर, अंगात नौदलाच्या कॅप्टनचा निळा कोट, आणि उजव्या खांद्यावर हुद्द्याचा सोनेरी झुबका. घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की हा अँब्रोज, कॅप्टन लिडलचा एकुलता मुलगा. वेस्ट इंडीजच्या समुद्रात तापाने गेला. चर्चच्या भिंतीवर त्याचा दगडही आहे: सतराशे एकोणनव्वद साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मिडशिपमन असताना वारला. मिडशिपमन म्हणजे शिकाऊ पोरगा, अधिकारी व्हायच्या आधीची पायरी. त्याच दगडावर खाली त्याच्या विधवा आईचं नाव, सुझाना, वारली अठराशे साली.

बेरिलने तेव्हा त्या बैठकीत उभं राहून एका दमात निकाल दिला. खांद्यावरचे झुबके नौदलात आले सतराशे पंच्याण्णवमध्ये. हे पोर त्याच्या सहा वर्षं आधी मेलं. शिवाय सतरा वर्षांचा मिडशिपमन कॅप्टनचा कोट घालेल कसा? तेव्हा हा अँब्रोज नव्हे. दुसरा कोणीतरी असेल. म्युझियमच्या यादीत चित्राचं नाव पडलं, 'अनोळखी कॅप्टन'. रोझमंडची आई तेव्हा जिवंत होती. ती म्हातारी म्हणे नंतर त्या चित्राकडे पाठ करून बसायला लागली. तेव्हापासून रोझमंडने बेरिलशी एक अक्षर बोलणं टाकलं होतं. खाटकाच्या दुकानात बेरिल शिरली की ही सॉसेज न घेताच बाहेर.

गेल्या हिवाळ्यात मिस लिडलचं छप्पर गळलं आणि चित्रावर पाणी आलं. ते दुरुस्तीला म्युझियममध्येच आणावं लागलं, कारण विंचेस्टरहून पियर्स नावाचा जुनी चित्रं साफ करणारा तरुण आमच्याकडेच यायचा. मऊ बोलणारा, हात सोन्यासारखा. त्याने कोटाच्या निळ्या रंगातून टाचणीच्या टोकाएवढा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावलं.

"बघा, निळ्याच्या खाली निळा. त्याच्याखाली आणखी. आणि मधे मधे ही काळी रेघ दिसते का? तो धूर आहे. शेकोटीचा, मेणबत्त्यांचा. म्हणजे प्रत्येक रंगानंतर चित्र काही काळ भिंतीवर होतं, मग पुन्हा कोणीतरी कोट रंगवलाय. मला एक्स-रे हवा."

हॉस्पिटलात माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आता साहेब झाली होती. शनिवारी सकाळी मशीन रिकामं होतं. पियर्सने आणि मी चित्र रजईत गुंडाळून नेलं आणि जिथे मी हजारो मोडके खांदे ठेवले होते तिथे अँब्रोजला आडवं केलं.

फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि आम्ही दोघंही पुढे वाकलो. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते एक्स-रेत झळाळून दिसतं. कॅप्टनचा निळा कोट जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि त्याच्या आतून कोट बाहेर येत होते. सगळ्यात खाली कॉलरवर पांढरा चौकोनी तुकडा, मिडशिपमनची खूण. त्यावर छातीचे रुंद पांढरे पट्टे, लेफ्टनंटचे. त्यावर सोनेरी झुबक्याचा डाग डाव्या खांद्यावर, पुढे निळ्याने बुजवलेला. आणि सगळ्यात वर उजव्या खांद्यावरचा, जो सगळ्यांना दिसतो तो. चार कोट एकावर एक. चेहरा मात्र एकच. त्याला नंतर कोणी ब्रश लावला नव्हता. कितीही कोट चढले तरी पोर सतराचंच होतं.

म्हणजे हा अँब्रोजच होता. लिडल घराणं दोनशे वर्षं खरं बोलत होतं.

बेरिलने फिल्म वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "मी चुकले. मी कोट वाचला आणि पोराच्या तोंडाकडे पाहिलंच नाही." पियर्सचं म्हणणं पडलं की असं सर्रास होतं. पुढच्या कोणा मालकाने मिरवायला म्हणून साध्या पोराचा कॅप्टन करून टाकला असेल. वरचे खोटे कोट हलक्या हाताने पुसून काढता येतील, खालचा मिडशिपमन जसाच्या तसा आहे. बेरिलने क्षणभरही विचार केला नाही. "काढा. जे त्याने घातलं नाही ते अंगावर कशाला?"

चित्र रोझमंडच्या मालकीचं, म्हणून पियर्सने तिला फोन केला. ती म्हणाली, लगेच काढा, माझ्या हातात फार वेळ नाही. एक आठवडा सोडून सोमवारी सकाळी काम सुरू करायचं ठरलं. एकदा पुसलेला रंग परत येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी कप विसळत होते तेव्हा बेरिल दारात आली.

"तू फिल्म उलटी लावली होतीस."

"काय?"

"डावा झुबका. तो डावीकडे असणं शक्य नाही, नाहीतर आपला निकाल पुन्हा चुकला. तू उलटी लावलीस."

मी कप खाली ठेवला. काही गोष्टी मैत्रीतसुद्धा ऐकून घ्यायच्या नसतात. "बेरिलबाई, मी उभ्या नोकरीत कोणाचं डावं फुप्फुस उजवीकडे नेलं नाही. चल, दाखवते."

फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवलेलं असतं, उजव्या बाजूची खूण म्हणून. ते ठेवल्याशिवाय मी मांजराचाही फोटो काढला नसता. अक्षर जागच्या जागी होतं. फिल्म सुलटी होती. पियर्स त्याच्या टेबलावर कापसाचे बोळे आणि बाटल्या मांडून ठेवत होता, तोही उठून आला.

"चित्रकाराची चूक असेल," तो म्हणाला. "आधी डावीकडे काढला, मग लक्षात आलं, म्हणून बुजवून उजवीकडे काढला."

"मधे धूर आहे का?" बेरिलने विचारलं.

"कशाच्या मधे?"

"डाव्या आणि उजव्या झुबक्याच्या मधे. धुराची रेघ आहे का?"

त्याने सूक्ष्मदर्शक ओढला, कण शोधला, पाहिलं. "आहे. बारीक आहे. वर्ष-दीड वर्षाचा धूर असेल."

"चूक दुरुस्त करायला वर्षभर कोण थांबतं?"

पियर्सने सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. बेरिलने खुर्ची ओढली आणि बसली. 

"ऐका," ती म्हणाली. "पंच्याण्णवचा नियम. एक झुबका डाव्या खांद्यावर, तो कमांडर. एक झुबका उजव्या खांद्यावर, तो नवा कॅप्टन. आणि कॅप्टन होऊन तीन वर्षं पुरी झाली की दोन्ही खांद्यांवर. कळलं का? झुबका डावीकडून उजवीकडे गेला ती चूक नाही. ती बढती आहे."

आम्ही दोघं फिल्मकडे बघत राहिलो.

"मिरवायचं असतं तर माणूस काय करेल? एकदम दोन झुबके चढवेल. ॲडमिरलच करून टाकेल, कोण विचारतंय? ह्याला कोणी एक पायरी गाळू दिलेली नाही. मिडशिपमन होता, मग लेफ्टनंट, मग कमांडर, मग कॅप्टन. प्रत्येक वेळी त्या वेळचा अगदी बरोबर कोट. प्रत्येक पायरीवर त्याला लागेल तेवढा काळ थांबवलंय, खऱ्या पोरांना थांबावं लागतं तसं. हे नियम घरात बसून तोंडपाठ असलेलं कोण असेल? कॅप्टनची बायको."

"सुझाना," मी म्हणाले.

"सुझाना. ती गेली अठराशे साली. त्याला कॅप्टन होऊन तीन वर्षं झाली नव्हती." बेरिलने बोट उचललं आणि चित्रातल्या, आता रिकाम्या, डाव्या खांद्यापाशी नेलं, पण टेकवलं नाही. "दुसरा झुबका द्यायचा होता तिला. ती मुदत पुरी व्हायची वाट बघत होती."

मला हॉस्पिटलात काम करताना एक वाक्य बोलायची बंदी होती, पेशंटसमोर 'अरे देवा' म्हणायचं नाही. त्या दुपारी मी ते मराठीत म्हटलं, दोनदा. मेलेल्या पोराला आईने फुकट काहीच दिलं नव्हतं. त्याच्याकडून नोकरी करून घेतली होती. अकरा वर्षं भिंतीवरचं ते पोर तिच्या नजरेसमोर समुद्रावर होतं, थंडीत, वादळात, आणि दर पायरीला ती चित्रकाराला बोलावून म्हणत असणार, आता ह्याचा कोट बदला. मी इतकी वर्षं माणसांच्या आत पाहिलं, पण असं काही मला कधी दिसलं नव्हतं.

पियर्सने बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावली. "पण निर्णय मिस लिडलचा आहे," तो म्हणाला. "त्यांना मुलगा बघायचाय. आणि तो त्यांचा हक्क आहे."

रविवारी चर्च सुटल्यावर बेरिल आणि मी रोझमंडच्या दाराशी उभ्या होतो. "तू बोलू नकोस," बेरिलने मला बजावलं होतं. "नुसती बस. तू असलीस की ती मला हाकलणार नाही, लाजेकाजेस्तव."

रोझमंडने दार उघडलं, मला आत घेतलं आणि बेरिलला म्हणाली, "पाय पुसा."

शेकोटीच्या वर चित्राच्या जागी भिंतीवर फिक्या रंगाचा चौकोन होता. चहा आला. बेरिलच्या पुढ्यात कप आला नाही. बेरिलने तिला सगळं सांगितलं, झुबके, धूर, दगडावरचं साल, काही न गाळता. रोझमंड चहा पीत होती. शेवटी तिने कप बशीत ठेवला.

"मिसेस प्रिव्हेट, तीस वर्षांपूर्वी तुम्ही ह्याच गालिच्यावर उभ्या राहून म्हणालात, कोट खरा, पोरगा खोटा. गेल्या आठवड्यात कळवलंत, पोरगा खरा, कोट खोटा. आज म्हणताय दोन्ही खरे. एकदा तुमचं काय ते ठरवून घ्या आणि मग या."

"ठरवून आलेय."

"माझी आई तुमच्या त्या 'अनोळखी कॅप्टन'ने खचली. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की आपण परक्याच्या चित्राखाली आयुष्य काढलं. आता तुमचेच लोक सांगतात की खाली आमचा अँब्रोज आहे, पांढऱ्या कॉलरचा, जसा घरातून निघाला तसा. मला तो बघायचाय. एकदाच. आणि तुम्ही पुन्हा मधे येताय."

"हो."

"का? तुमचाच नियम आहे ना, जे घातलं तेच खरं? त्याने कधी घातला कॅप्टनचा कोट?"

बेरिलने पर्सचा पट्टा हाताला गुंडाळला. मला वाटलं, संपलं. ती उत्तर शोधत नव्हती, हे मला नंतर कळलं. जे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते तोंडून काढायला तिला वेळ लागत होता.

"माझा भाऊ होता, डेन," ती म्हणाली. "पाणबुडीच्या इंजिनघरात स्टोकर, सगळ्यात खालच्या पायरीवर. बोट खाडीतून बाहेर पडली ती वर आलीच नाही. एकोणीस वर्षांचा होता. मी शाळेत होते. तुम्हाला आठवत असेल तो आठवडा."

"आठवतो," रोझमंड म्हणाली. गावात तो कोणाला आठवत नाही?

"दोन-तीन वर्षांनी आई एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली, आपला डेन आता लीडिंग स्टोकर झाला असता. मी काही बोलले नाही. मग पुढे म्हणायला लागली, झाला. 'असता' गेलं. मग त्याच्या वरच्या पायरीची, पेटी ऑफिसरची, परीक्षा आली. आईने त्याला नापास केलं."

"नापास?"

"गणितात. म्हणाली, डेनचं गणित कच्चंच होतं, होईल पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला झाला. शेवटी त्याच्याही वरचा चीफ होऊन तो निवृत्त झाला, बरोबर मुदत भरली तेव्हा. आईने केक केला. त्याहून वर तिने त्याला कधी नेलं नाही. त्याची तेवढी ताकद नाही म्हणायची."

रोझमंडच्या हातातली काठी हलायची थांबली होती.

"आणि तुम्ही कधी म्हणाला नाहीत, की आई, हे खरं नाही?"

"म्हणाले. पंधरा वर्षांची होते, तोंड भलतंच चालायचं. म्हटलं, आई, डेन मेलाय." बेरिल फिक्या चौकोनाकडे बघत होती. "तिने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, तो मेला हे मला मान्य आहे, बेरिल. पण त्याच्या बरोबरीची पोरं रोज ह्या दारावरून वर्दीत जातात, नवनव्या पट्ट्या लावून. तो मागे राहिला, हे मी मान्य करणार नाही."

 बाहेर बोटीचा भोंगा वाजला, पलीकडे पोर्टस्मथला जाणाऱ्या.

"मी तिला नंतर विचारायचे," बेरिल म्हणाली, "डेन कुठे आहे सध्या? ती जहाजाचं नाव सांगायची. मी नियम केला तो त्याच्यानंतर. जे घातलं नाही ते खरं नाही. मला ते आईकडे बघवत नव्हतं, म्हणून केला. तुमच्या आईला मी त्याच नियमाने मारलं. माफी मागण्यासारखं ते नाहीच, तरी मागते. पण उद्या ते कोट पुसू नका. अँब्रोजने नाही घातले ते. त्याला घातले गेलेत."

रोझमंड उठली. काठी टेकत शेकोटीपाशी गेली आणि त्या फिक्या चौकोनासमोर उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

"तीन वर्षं तर कधीच झाली," ती म्हणाली. "दोनशे वर्षं झाली. दुसरा झुबका त्याचा राहिलाच की."

"राहिला."

"तो तुमचा पोरगा काढू शकेल ना? पियर्स? त्याचा हात चांगला आहे म्हणतात."

मी बेरिलकडे पाहिलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच विरघळला होता, आणि क्षणभर वाटलं की ही आता हो म्हणेल.

"काढू शकेल," ती म्हणाली. "पण तो द्यायचा त्याच्या आईने. आपण कोण?"

रोझमंडने मान हलवली.  बोटांनी शेकोटीच्या फळीवरची धूळ पुसत राहिली, जिथे धूळ नव्हती. मग फोनपाशी गेली, चष्मा लावला आणि पियर्सचा नंबर फिरवला.

"मी मिस लिडल. उद्या काही करायचं नाही... हो, मला माहीत आहे मी काय म्हणाले होते." तिने काठी भिंतीला टेकवली. "अहो, पोराच्या अंगात आईने घातलेला कोट आहे. तो कोणी काढतं का?"